यमनातली टकटक

माझ्या नातीनं सतारीच्या जुन्या तबकड्या कुठून कुठून जमवल्या आणि त्यांच्या कॅसेटी भरून घेतल्या. कॉलेजातल्या मैत्रिणींना ती त्या देणार आहे. मला म्हणाली, "आजी, यांतल्या कुणीच सतार नीट ऐकलेली नाही. सुरुवातीला तू चार शब्द लिहून दे ना, कसं ऐकायचं ते."

आता मी काय लिहिणार? शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. अक्षरं काकांनी ओळखीची करून दिली, बाकीचं किराण्याच्या पुड्या सोडून त्यांच्या कागदांवर वाचत गेले. पण बोलायला लागले की मला थांबवावं लागतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून बोलते तसंच लिहिते.

पोरींनो, या तबकड्या तीन-तीन मिनिटांच्या. एका बाजूला तेवढंच मावायचं. मैफलीत जो राग वाजवायला तास-दीड तास लागायचा, तो वाजवणाऱ्यानं घडी घालून घालून तेवढ्यात बसवलेला असतो. त्यामुळं ऐकताना घाई करू नका, त्यांनीच आधी बरीच केलेली आहे. एका बाजूला आलाप असतो. आलाप म्हणजे रागाची सावकाश ओळख. त्याला तबला नसतो, ताल नसतो. तबकडी उलटली की गत, ती तबल्याबरोबर, तालात. आणि मागं जी खरखर ऐकू येते ती तबकडीची. ती सतारीची नव्हे.

हसू नका. एवढी शेवटची गोष्ट मला कुणी वेळेवर सांगितली असती तर पुढचं सगळं घडलंच नसतं.

आमचं गाव बदनापूरजवळ. शेतीचं घर, चार बैल, आणि निजामाचं राज्य. माझ्या वडिलांना काका अण्णा म्हणायचे, म्हणून आम्ही पोरंही अण्णाच म्हणायचो. काका धाकटे. जालन्याला कुणा बड्या अंमलदाराची बदली झाली आणि त्याच्या सामानाची हर्रास, म्हणजे लिलाव, निघाला. त्या सामानात लोखंडी नांगर आहे असं कळलं, म्हणून अण्णांनी काकांना पाठवलं. संध्याकाळी बदनापूरच्या टेसनावरून आमची बैलगाडी आली ती नांगराशिवाय. गाडीत एक चावीचा बाजा, म्हणजे ग्रामोफोन, भलामोठा कर्णा लावलेला. एक पत्र्याची पेटी. आणि लाल कापडात गुंडाळलेलं माणसाएवढं लांब काहीतरी.

अण्णांनी गाडीभोवती एक चक्कर मारली.

"नांगर कुठंय?"

"हा एकच ढीग होता अण्णा. यातलं सुटं सुटं देत नव्हते."

"मी नांगराचं विचारून राह्यलो."

"नांगर दुसऱ्यानं नेला."

आई दारातून म्हणाली, "भावजी, याच्यानं रान कसं नांगरायचं तेवढं दाखवा म्हणजे झालं."

लाल कापड सोडलं तर आत सतार. आमच्यात कुणी ती आधी पाहिली नव्हती. आईनं भोपळ्यावर टिचकी मारून पाहिली आणि चांगला वाळलाय म्हणाली. बाज्याच्या सुयांच्या डबीत एक तारेचा वळवलेला तुकडा निघाला. काका कितीतरी दिवस तो घेऊन बाज्याखाली डोकं घालून बसायचे, हा कुठल्या भागातून निसटला म्हणून. शेवटी तो माझ्याच बोटात बसला. ती नखी होती, सतार छेडायची.

पेटीतल्या तबकड्या बहुतेक गाण्याच्या. काही बँडच्या, काही फुटलेल्या. सतारीची एकच. तिच्यावरचा कागद निम्मा खरवडलेला, वाजवणाऱ्याचं नाव गेलेलं, उर्दूत नुसतं 'यमन' राहिलेलं. ते काकांनी वाचलं. काठापासून मधल्या कागदापर्यंत केसाएवढी बारीक चीर गेली होती. काकांनी तिच्यावरून बोट फिरवलं, "चालतंय" म्हणाले आणि लावली.

ते पहिलं ऐकणं मला शब्दांत सांगता येणार नाही. एवढंच सांगते की मी शेणाचं घमेलं डोक्यावर घेऊन चालले होते आणि तबकडी संपेपर्यंत ते डोक्यावरच राहिलं. तार छेडायची आणि पडद्यावर दाबूनच बाजूला ओढायची, की एकाच सुरातून दुसरा सूर निघतो. तो मधला रस्ता ऐकू येतो, बघा. आमच्या भजनातल्या हार्मोनियमच्या पेटीत तो रस्ता कधी ऐकला नव्हता.

मग मी सतार घेऊन बाज्यापुढं बसायला लागले. कुणी शिकवणारं नव्हतं. काका चावी द्यायचे, मी खुंट्या पिळून तार तबकडीच्या सुराला मिळवायची. चावी उतरली की बाजा मंदावायचा आणि यमन खाली खाली जायचा. मी खुंट्या सैल करत त्याच्या मागं. काका ओरडायचे, "थांब, थांब, आणतो त्याला वर!" सुया संपल्या तेव्हा त्यांनी बाभळीचा काटा तासून लावला. काट्यानं आवाज बारीक यायचा पण गोड यायचा. हे सगळं सकाळी. एक तबकडी दुपारच्या उन्हात पापडासारखी वाकली, तेव्हापासून दुपारी बाजा झाकलेला आणि संध्याकाळी सगळे कामात. म्हणून आमच्याकडं यमन सकाळचा.

आता त्या टकटकीचं. तबकडी फिरायची, चीर काट्याखालून जायची आणि टक्क वाजायचं. एका फेऱ्याला एक टक्क, पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोन्ही बाजूंना. हे आता तुम्हाला सांगते तसं मला तेव्हा कळलं नाही. दुसऱ्या तबकड्यांत टकटक नव्हती, या एकाच सतारीच्या तबकडीत होती. म्हणजे ती सतारीचीच, यात शंका घ्यायला जागाच नव्हती. वाजवणारा अंगठ्यानं भोपळ्यावर ठोका देत असणार, असं मी ठरवलं आणि तसं वाजवायला लागले. छेडायचं, अंगठा मारायचा. छेडायचं, अंगठा मारायचा.

पण एक अडचण होती. तबकडीतले सूर काही त्या ठोक्यावर येत नसत. कधी ठोक्याआधीच, कधी ठोका होऊन गेल्यावर, कधी मध्येच बराच वेळ नुसते लांबलेले. मला वाटायचं, माणूस मोठा आहे, हात गोड आहे, पण ताल थोडा कच्चा दिसतो. मग तो मी सुधारून घेतला. सगळा आलाप ओढून ताणून त्या ठोक्यावर बराबर बसवला. काका म्हणाले, "तुझा तर त्याच्यापेक्षा पक्का वाटतो." आम्हा दोघांना त्याचा केवढा अभिमान.

अण्णांना मात्र त्या टकटकीनं वीट आला. "घरात सुतार बसवला का?" ते विचारायचे. "दिवसभर ठोकून राह्यली. बैलं दचकतात." वरून गल्लीतल्या बाया आईला म्हणायच्या, उद्या पोरीला पाहायला पाहुणे आले तर काय सांगाल, स्वयंपाक येतो आणि भोपळा वाजवती? आई हसून सोडून द्यायची. अण्णा हसत नसत. पण माणूस न्यायाचा. एके दिवशी जेवताना म्हणाले,

"असं अर्धवट बिलकुल नको. एखाद्या जाणत्याला दाखवू. जालन्यात एक खांसाहेब हैत म्हणतात, हैदराबादेत मोठ्या घरी सतार वाजवायला होते. ते म्हणाले यात काही हाय, ते शिकवायला तयार झाले, तर वाजव, मी कुणाचं ऐकणार न्हाई. न्हाई म्हणाले तर परस्पर जांबला नेऊन रामाच्या देवळात देऊन टाकू. भजनाला सूर धरायला तरी होईल."

मी ताटावरून उठले ती थेट सतारीपाशी जाऊन बसले. जांबच्या रामाचं मला कधी वाकडं नव्हतं, पण त्या दिवशी त्यालाही म्हणाले, तुला टाळ-मृदंग आहेत, हे तेवढं माझं राहू दे.

वाकळीत गुंडाळून अण्णांनी आणि मी सतार आगगाडीत चढवली. समोर एक म्हातारी भाजीची पाटी घेऊन बसलेली. बराच वेळ वाकळीकडं बघत होती.

"लई आजारी हाय का गं?" तिनं हळूच विचारलं.

"कोण?"

"हे आतलं."

"सतार हाय ती, आजी."

"मंग तोंड तरी उघडं ठेव तिचं," म्हातारी म्हणाली. अण्णा खिडकीबाहेर बघायला लागले. हसत होते की काय ते मला दिसलं नाही.

जुन्या जालन्यात कापडाच्या ठोक दुकानांची अरुंद गल्ली, तिच्या टोकाला एक जिना आणि वर खांसाहेबांची खोली. पांढरी दाढी, अंगात स्वच्छ सदरा, बोलणं दखनी. त्यांनी आधी माझी सतार मांडीवर घेतली, दोन खुंट्या पिळल्या, तारांखालची घोडी जराशी सरकवली. एवढ्यानंच तिचा आवाज बदलला. मला धीर आला. माझ्याकडं देत म्हणाले, "बजाओ."

मी यमन सुरू केला.

ते थोडं ऐकून म्हणाले, "बेटी, सुबह कू यमन?"

"आमच्याकडं सकाळीच असतो," मी म्हणाले. "दुपारी वाकतो."

त्यांनी अण्णांकडं पाहिलं.

"तबकडी वाकते," अण्णा म्हणाले. "यमन न्हाई."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की यमन हा दिवेलागणीचा राग. पण मी वाजवत राहिले, कारण पुढं माझी हुशारीची जागा होती. छेडायचं, अंगठा मारायचा. खांसाहेब पुढं वाकून माझ्या हाताकडं बघायला लागले.

"ये अंगूठा क्या कर रहा?"

"ठोका देतो," मी म्हणाले. "तबकडीत हाय तसाच. त्यांचा मात्र ठोका चुकतो जागोजागी. मी बराबर करून घेतला."

खांसाहेब हसले नाहीत. उठले, कोपऱ्यातल्या बाज्यावरचं फडकं काढलं. सतारीच्या तबकड्या त्या दिवसांत होत्याच किती, त्यांच्याकडं तीच होती, साबूत. त्यांनी ती लावली.

पोरींनो, तोच यमन. तेच सूर, त्याच जागा. आणि टकटक नाही. मी वाट बघत होते, आता येईल, आता येईल. सूर लांबायचे आणि मध्ये काहीच यायचं नाही. हळूहळू माझ्या लक्षात आलं, पण माझ्याआधी ते माझ्या अंगठ्याला कळलं होतं, तो केव्हाच थांबला होता. चुकत कुणीच नव्हतं. आलापाला ताल नसतोच. तो माणूस त्याच्या मनानं वाजवत होता आणि मी त्याला आमच्या तबकडीच्या चिरेनं हाकत होते.

तबकडी संपली. खाली दुकानात कापड फाडल्याचा आवाज आला.

अण्णांनी वाकळ उचलली आणि घडी घालायला लागले. "चल," म्हणाले. रागावून नव्हे. हळू म्हणाले, त्यानं जास्त वाईट वाटलं. मी सतार सोडली नाही. ती सोडली की जांबच, हे मला माहीत होतं. तिचा भोपळा पोटाशी घट्ट धरून बसले.

"बैठो साहब," खांसाहेब म्हणाले. "इतनी जल्दी क्या है?"

त्यांनी आपली सतार खाली घेतली, माझ्यासमोर बसले. म्हणाले, "वो तेरा ठोका दे. मैं कुछ भी बजाऊँ, तू रुकना नक्को."

मी डोळे मिटले आणि अंगठा मारायला लागले. त्यांनी वाजवायला घेतलं. आधी सरळ. मग आडवंतिडवं, ठोक्याच्या आधी, ठोक्याच्या मागं, दुप्पट, मध्येच गप्प, मध्येच एवढं भरभर की मला वाटलं जिना कोसळला. आताच्या भाषेत सांगायचं तर ते मला पाडायला बघत होते. पण मला ते ओळखीचंच होतं. माझ्या तबकडीतले सूर इतके दिवस असेच ठोक्याला सोडून पळत होते आणि ठोका आपला जागेवर. मी चिरेसारखी बसले. टक्क. टक्क. टक्क.

ते थांबले. आणि मग हसले. असे हसले की खोकला आला, पाण्याचा तांब्या मागवावा लागला. अण्णा घाबरून उभे राहिले.

"साहब," खांसाहेब डोळे पुसत म्हणाले, "मेरे पास लोग बरसों आते, हिलती लय लेकर आते, हिलती लय लेकर जाते. ये लडकी कू टूटी हुई तबकडी ने लय दे दी. पक्की."

"म्हणजे काय म्हणायचं?" अण्णांनी विचारलं. "काही हाय का यात?"

"है. पण आधा." मग त्यांनी बोटं मोजत अण्णांना समजावल्यासारखं मोडक्या मराठीत सांगितलं. ताल आहे. सूर ठीक आहे, होईल. पण हिला थांबता येत नाही. आलापात थांबायला लागतं. ते आलं तर शिकवीन. न्हाई आलं तर नक्को.

खालच्या दुकानातली एक कापडाची चिंधी त्यांच्या खिडकीत पडलेली होती. ती घेऊन त्यांनी माझ्या उजव्या हाताचा अंगठा सतारीला बांधला, भोपळा आणि दांडी जिथं जुळतात तिथं. म्हणाले, अंगठ्याची जागा ही. इथून तो उचलायचाच नसतो. आता वाजव.

मी पहिला सूर छेडला. आणि पुढं काय करायचं ते कळेना. ठोका नाही. दुसरा सूर कधी वाजवायचा, हे सांगणारं कुणी नाही. अंगठा चिंधीत धडपडत होता. सूर चालला होता, बारीक होत होता, खालच्या तारा त्याच्याबरोबर गुणगुणत होत्या. त्या तारांना तरफा म्हणतात. त्यांना कुणी छेडत नाही, त्या आपोआप बोलतात. इतके दिवस माझ्या टकटकीत मी त्या कधी ऐकल्याच नव्हत्या.

"विसरली का?" अण्णा कुजबुजले.

खांसाहेबांनी हात वर केला.

मी ऐकत राहिले. सूर आता जातो, आता जातो, असं वाटलं आणि तो जायच्या आधी पुढचा आपसूक हवासा झाला. मग मी तो छेडला. मग पुन्हा थांबले. एवढंच. तीन-चार सूर झाले असतील. फार चांगले नव्हते, एक तर बेसूरच होता. पण मध्ये मी थांबले होते.

खांसाहेबांनी माझ्याकडं नाही, अण्णांकडं पाहिलं. "बाजार कू कौन से दिन आते?"

"शुक्रवारी," अण्णा म्हणाले.

"लेते आना."

अण्णांनी वाकळीची घातलेली घडी पुन्हा मोडली. सतार त्यांनी स्वतः गुंडाळली, भोपळ्याकडून सैल, दांडीकडून घट्ट, आणि तोंड उघडं ठेवलं. परतीच्या गाडीत ती त्यांच्याच मांडीवर होती. बदनापूरला उतरता उतरता म्हणाले, "शेवटी टकटक नव्हती, तव्हा बरं वाटलं ऐकायला."

मग कितीतरी शुक्रवार गेलो. मोठी वादक झाले नाही मी, सांगून टाकते. लग्न झालं, पोरंबाळं झाली, सतार बरोबर आली आणि राहिली. संध्याकाळी दिवा लावला की थोडा यमन, अजूनही.

आता तुमच्या कॅसेटीचं. पहिल्या बाजूला तोच यमन आहे, नातीनं तो कुणाकडून तरी साबूत मिळवला. संध्याकाळी ऐका. आलाप चालू असताना पायानं ठोका धरू नका. दोन सुरांच्या मधे तरफा बोलतात, तिकडं कान ठेवा. आणि वाजवणारा थांबला तर तो विसरला असं समजू नका. आमच्या घरची चीर गेलेली तबकडी माझ्या कपाटात आहे, कुणाला ऐकायची असेल त्यानं माझ्याकडं यावं, मी चहा करीन.

एक राहिलंच. जालन्याहून आलो त्या संध्याकाळी आई चुलीपुढं होती, काका दारात वाट बघत उभे. अण्णांनी कुणाला काही सांगितलं नाही. सतार माझ्या हातात दिली, गोठ्यातून हातोडा आणला आणि आतल्या खोलीत गेले. घरात पुन्हा टकटक सुरू झाली. काका माझ्याकडं बघायला लागले, पण मी तर तिथंच उभी, सतार धरून.

आई आतल्या बाजूला वळून म्हणाली, "आता काय ठोकून राह्यलेत?"

"खुंटी," अण्णा आतून म्हणाले. "उंच ठोकतो. खाली ठेवली तर वासरू चाटील तिला."